मूठभर कोंड्याची शेवंती

शारदेला त्या वर्षी दोन बाळं झाली, असं तिच्या सासूबाई मथुराबाई आल्यागेल्याला सांगत. एक पाळण्यातलं, एक कुंडीतलं. पाळण्यातल्याचं नाव दिगंबर. कुंडीतल्याचं बारसं व्हायचं होतं. दोघांनीही शारदेच्या जिवाला सारखाच घोर लावला होता. दिगू शिंकला की ती हातातलं टाकून पाळण्याकडे धावे, आणि परतताना कुंडीत बोट खुपसून माती ओली आहे ना, ते पाही. एकदा दिगूला तीट लावल्यावर बोटाला उरलेलं काजळ तिने कुंडीच्या काठाला लावलं. नवऱ्याने, श्रीकांतने, ते नेमकं पाहिलं.

"नागपूरच्या कॉलेजात बॉटनीच्या तासाला हेच शिकवतात वाटतं?"

"हात पुसला मी," शारदा म्हणाली आणि लाल झाली.

हे कुंडीचं वेड सुरू झालं ते एका पोस्टकार्डापासून. मुंबईच्या गिरधरभाई नावाच्या फुलांच्या व्यापाऱ्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: नाताळात हॉटेलांसाठी लांब दांड्याची शेवंती हवी, नमुना मेलगाडीने पाठवावा. शारदेने हौसेने बऱ्हाणपूरची पिवळी शेवंती दांड्यासकट कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली, करंडीत घातली आणि गावच्या लालबाग स्टेशनातून रवाना केली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'फुलं पोचली. माना बऱ्हाणपुरातच राहिल्या काय?'

तिला हसू आलं आणि रागही आला. पण मनुष्य खोटं बोलत नव्हता. आपल्या शेवंतीला मान असावी लागते, हे इथे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेरावर विकायची, हारात ओवायची, वेणीत माळायची. दांडा तर गाईपुढे जायचा. मुंबईच्या हॉटेलात मात्र ती उंच पेल्यात एकटी उभी राहायची होती, पाहुण्यासारखी, ताठ. आणि तशी ताठ मानेची साहेबी शेवंती होतीही, स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात. गडद तांबडी, हातभर दांड्याची. पण तिला बऱ्हाणपूरचा उन्हाळा सोसत नसे. दर वैशाखात ती मरे, आणि दर पावसाळ्यात साहेब नवी मागवी.

मग शारदेच्या मनात आलं, या दोघींची सोयरीक लावली तर?

तेव्हा तिला सातवा महिना होता. बंगल्याच्या माळ्याकडून तिने साहेबी फुलं आणली. पिवळ्या शेवंतीच्या पाकळ्या कात्रीने आखूड केल्या, रंगाच्या बारीक कुंचल्याने तांबडीचा पराग तिच्यावर टेकवला आणि वर श्रीकांतच्या जुन्या धोतराची पिशवी बांधली, मधमाश्यांनी लुडबूड करू नये म्हणून. मथुराबाई गच्चीच्या दारातून बघत होत्या. "लग्न लावतेस खरी, पण पत्रिका तरी पाहिलीस का?"

एकसष्ट बिया धरल्या. फाल्गुनात त्या पेरल्या आणि त्याच संध्याकाळी शारदेच्या पोटात कळा सुरू झाल्या. बी आधी रुजलं की बारसं आधी झालं, यावर घरात अजून वाद आहे.

एकोणीस रोपं उगवली. वैशाखाने बारा नेली. उरलेली सात शारदेने तापी ओलांडून जैनाबादला उखर्डूच्या मळ्यात नेली. उखर्डू म्हणजे देवळांना फुलं पुरवणारा माळकरी माणूस, दोन पिढ्यांचा ओळखीचा. त्याने झेंडूच्या बांधाला एक वाफा काढून दिला. पण पावसाची झोड उठली आणि मुळं कुजायला लागली. एक गेलं, दुसरं गेलं. श्रावण संपता संपता एकच उरलं.

"आता हे मार्गशीर्षापर्यंत," मथुराबाईंनी बजावलं. "फूल आलं तर आलं. नाहीतर पुढच्या वर्षी नावेत पोर घेऊन नदीपार जाणं बंद. मला धास्तीने जेवण जात नाही, सूनबाई."

शारदेला वाद घालता येईना, कारण तिलाही जात नव्हतं.

त्यातच भाद्रपदात तापीला पूर आला. तीन आठवडे नाव बंद. शारदा दिगूला कडेवर घेऊन राजघाटावर उभी राही आणि गढूळ पाण्यापलीकडचा हिरवा ठिपका बघत बसे. नाव सुरू झाली त्या दिवशी पहिल्या फेरीत ती होती. रोप जिवंत होतं! पान जरासं गोलसर वाटलं. तिने वहीत नोंद केली: 'अतिवृष्टीने पान रुंदावले.'

मग तिने त्या रोपाचं काय नाही केलं! काठीचा आधार दिला, मुंग्यांना हळदीची रेघ ओढली, कळी धरल्यावर मलमलीची टोपी घातली, तीही दिगूच्या अंगड्यातून उरलेल्या तुकड्याची. कळीचं टोक पिवळं दिसलं तेव्हा ती नावेत उभी राहून हसली. नावाडी ओरडला, "बसा वो बाई, नाव हलते!" तिने गिरधरभाईंना पत्र टाकलं: सोनेरी आहे, येऊन पाहावं. गिरधरभाई खांडव्याला भाचीच्या लग्नाला निघालेच होते. त्यांनी कळवलं, मधे उतरतो, पण दुपारची गाडी चुकवणार नाही.

आले. काळा कोट, पायात चकचकीत पंपशू, कपाळावर घाम. नावेतून उतरून मळ्यापर्यंत चालताना त्यांनी चारदा घड्याळ काढलं. मागे शारदा, तिच्या कडेवर नऊ महिन्यांचा दिगू, पुढे उखर्डू वाट दाखवायला. उखर्डूची बायको धुरपदाबाई वाफ्याशीच उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

"दाखवा बेन, दाखवा," गिरधरभाई म्हणाले.

शारदेने दिगूला उखर्डूकडे दिलं. तिने मलमलीची गाठ सोडली.

आत होती शेवंती. पिवळी. देवाच्या हारातली, शेराने मिळणारी, रोजची शेवंती. टोपी निघताच तिने सुस्कारा टाकावा तशी मान टाकली.

गिरधरभाईंनी घड्याळ काढलं. "बेन, ही तर गेल्या वर्षीवालीच हाय. हिला मी ओळखतो."

शारदेच्या डोळ्यांपुढे एकसष्ट बिया, एकोणीस रोपं, नावेच्या फेऱ्या, सगळं गरगरलं. तिला रडू कोसळणार, एवढ्यात शेजारून फिस्स असा आवाज झाला. धुरपदाबाई हसत होती. पदर दातात, डोळे मिटलेले, सगळं अंग गदगदत होतं.

"धुरपदाबाई! माझं वर्ष मातीत गेलं आणि तुम्हाला हसू येतंय?"

"नाई वो ताई! मातीत कुठं? तुमचं हाय ना जित्तं. तिकडं उकिरड्यावर हाय."

"उकिरड्यावर?"

"नदीले पूर होता तवाच नेलं. तुमची सहा रोपं मेली का नाई? सातवं उरलं. माझ्या सासूची बी सहा लेकरं गेली. सातवं झालं तवा त्याले उकिरड्यावर टाकलं, शेजारणीनं उचललं, अन् सासूनं मूठभर कोंडा देऊन परत इकत घेतलं. टाकलेल्या लेकराले नजर लागत नाई, मरण बी इचारत नाई. तवा तर हा बुढा उभा हाय इथं!" तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "मंग मी काय नवं केलं?"

"अहो, पण हे काय मग?" शारदेने पिवळ्या शेवंतीकडे हात केला.

"हे नजरेसाठी ठेवलं. तुमी याचं कवतिक करा, टोप्या घाला, सारी नजर इकडं. तुमी लई चांगलं केलं बरं ताई, मले वाटलं नव्हतं इतकं कराल."

उखर्डू खवळला. "अगे, मले तरी सांगायचं होतं!"

"तुमच्या तोंडाले झाकण हाय का?"

पुढचं ऐकायला शारदा थांबलीच नाही. पदर खोचून ती गोठ्यामागे धावली. तिच्यामागे उखर्डू दिगूला घेऊन, त्याच्यामागे धुरपदाबाई, आणि सगळ्यांत मागे पंपशू हातात घेऊन गिरधरभाई. "बेन! माझी गाडी! बेन!"

गोठ्यामागे शेण, राख, कांद्याची सालपटं, केळीची सोपटं यांचा पुरुषभर ढीग होता, आणि ढिगाच्या माथ्यावर, दोन कोंबड्यांच्या मधोमध, ती उभी होती. आधार नाही, टोपी नाही, काजळ नाही. हातभर दांडे, तीन, सरळ. प्रत्येकावर वाटीएवढं फूल. पाकळी आतून तांब्याची आणि बाहेरून थेट कलाबतूची, जणू बऱ्हाणपूरच्या एखाद्या कारागिराने जरीच्या तारेने वळून काढलेली. वारा आला. फुलं डोलली आणि पुन्हा ताठ झाली.

शारदेला हसू फुटलं ते आवरेचना. ढिगावर ती गुडघ्यापर्यंत राखेत चढली. मग एकदम तिला सुचलं आणि तिने कमरेची वही काढली. "उंचावर पाणी थांबलं नाही! म्हणून मुळं कुजली नाहीत. खत मुरलेलं. शास्त्र आहे हो यात, धुरपदाबाई!"

"तुमचं शास्तर तुमाले, माझा उकिरडा मले. अन् ताई, हात नाई लावायचा! ते आता माझं हाय. टाकलेलं मी उचललं."

उखर्डूने हरकत घेतली. "टाकणारी बी तूच, उचलणारी बी तूच? असं कुठं असते?"

"डाव्या हातानं टाकलं, उजव्यानं उचललं. रीत पुरी झाली. आता कोंडा द्या अन् घेऊन जा."

कोंडा आणायचा कुठून? शारदेने इकडेतिकडे पाहिलं. गोठ्यात म्हैस टोपल्यात तोंड घालून उभी होती. शारदेने तिच्या तोंडापुढून मूठभर कोंडा उचलला. म्हशीने मान वर करून तिच्याकडे असं पाहिलं की शारदा "घेतला गं बाई, रागावू नको," म्हणून मोकळी झाली. धुरपदाबाईने ओंजळ पुढे केली, कोंडा घेतला, कपाळाला लावला आणि पुन्हा म्हशीपुढे टाकला.

"घ्या. तुमचं झालं."

गिरधरभाई दोन्ही हातांत जोडे धरून हे बघत होते. "तीस वर्षं धंदा करतो. कोंड्यात सौदा पहिल्यांदा पाहिला."

मग ते व्यापारी झाले. जोडे खाली ठेवले, ढिगावर चढले, चाकूने एक दांडा बुडातून कापला. शारदेने डोळे मिटले. त्यांनी फूल उलटं धरलं आणि तापमापक झटकावा तसं तीनदा झटकलं. एक पाकळी पडली नाही. सुलटं केलं. मान ताठ.

"दोन नेतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पाणी नाही देणार, काही नाही. लग्न उरकून तसाच मुंबईला जातो. तिथं पोचल्यावर मान अशीच राहिली तर तार करतो. नाही राहिली तर बेन, राम राम." मग डायरी काढली. "नाव? नाव साहेबी पाहिजे. लेडी, क्वीन, असं काही."

"नाई, नाई!" धुरपदाबाई किंचाळली. "चांगलं नाव ठेवलं का गेलंच ते!"

शारदेने उखर्डूकडे पाहिलं. साठीचा, काटक, सहा भावंडांमागून उरलेला, उकिरड्यावरूनच नाव पडलेला माणूस, खांद्यावर तिचं पोर घेऊन उभा होता, आणि दिगू त्याची मिशी ओढत होता.

"उखर्डी," ती म्हणाली. "लिहा, उखर्डी."

उखर्डू नव्या नवरीसारखा लाजला.

"आणि मॅडम लोकांनी मतलब विचारला तर?" गिरधरभाई म्हणाले.

"सांगा, बऱ्हाणपूरकडचं फार जुनं घराणं आहे."

पुढचे चार दिवस शारदा घरात नीट बसली नाही. दाराशी सायकलची घंटा वाजली की उठे, दिगू खोकला की उठे. पाचव्या दिवशी तारवाला आला. श्रीकांतने तार वाचली आणि खुर्चीवर चढून पुन्हा मोठ्याने वाचली. मजकूर असा होता: 'माना ताठ. पुढल्या नाताळात होईल तेवढी उखर्डी माझी. दुसऱ्या कुणाला एक दांडा देऊ नये.'

मथुराबाईंनी हात जोडले. "काय गं बाई सुरेख—"

शारदेने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मथुराबाई क्षणभर बावचळल्या. मग त्यांना समजलं. हात बाजूला सारून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कसलं मेलं भिकार फूल! चला, मीही येते बघायला."

नावेत श्रीकांत म्हणाला, "अगदीच टाकाऊ." नावाड्याला काय ते कळलं नाही, पण तोही म्हणाला, "वंगाळ, लई वंगाळ." जैनाबादला उकिरड्याभोवती सगळे जमले आणि मागे राहिलेल्या त्या एका फुलाला प्रत्येकाने मनापासून शिव्या घातल्या. दळभद्री, करंटं, तोंड बघवत नाही. मथुराबाईंना तर असं सुचत गेलं की थांबवावं लागलं. हसून हसून सगळ्यांचे डोळे भरले. बुंध्याशी, राखेतून, कोवळे नवे फुटवे वर येत होते. शारदेने मोजले. अकरा.

दिगू तिच्या कडेवरून फुलाकडे झेपावत होता. गोरा, गुटगुटीत, दोन दातांचा. वाटेत नावेतल्या एका बाईने त्याचा गाल ओढून "कित्ती गोड" म्हटलं होतं, आणि तेव्हापासून शारदेच्या छातीत बारीकशी कळ होती. तिने श्रीकांतकडे पाहिलं. तो फुटव्यांवर वाकला होता. तिने मागे पाहिलं. नागपूरच्या कॉलेजातलं कुणी आसपास नव्हतं.

ती धुरपदाबाईच्या जवळ सरकली आणि दिगूला तिच्या हातात देत कानात म्हणाली,

"म्हशीपुढं कोंडा उरलाय का हो थोडा?"