दोन खळ्यांचे पाव

सहा पाव. पाच अखंड, सहाव्याची कड प्रवासात चुरलेली. पिशवीचं सील शाबूत, वर ‘शाळेचा खाऊ’ एवढंच आणि खाली नंबर. प्रत्येक पावाच्या माथ्यावर अंगठ्याने दाबलेल्या खळ्या — दोन. तिने पुन्हा मोजल्या. सहा पावांवर बारा... आणि मग ती मोजायची थांबली, कारण मोजून काही कमी होणार नव्हतं.

बाबांचा अंगठा तिला कुठेही ओळखू आला असता, डावीकडे जरा खोल जाणारा. शाळेचं कँटीन त्यांचं, आणि शाळेत जातो तो एका खळीचा पाव — मऊ, गोड, बोटांना चिकटणारा. मुलं त्याला ‘खळीवाला’ म्हणतात, तीही म्हणायची. दोन खळ्यांचे पाव विकायला नसतातच. ते आईचे. बिनसाखरेचे, एका वेळी सहाच. आईच्या पायाचं बोट कापावं लागलं त्या वर्षी बाबांनी ते सुरू केले, आणि तिची नजर अधू म्हणून ही खूण — बोट फिरवायचं, दोन खळ्या लागल्या की खायचं.

“काय गं, पाव बघून भूक लागली की काय?” पलीकडच्या टेबलावरून ताईंनी विचारलं. प्रयोगशाळेत सगळ्यांत जुन्या त्या. चष्मा कपाळावर आणि शोधत असायच्या टेबलावर.

“नाही, ताई. वजन करतेय.”

“कर हो. बघून वजन कळत नाही.”

तिने पाव कुस्करला. चुरा हाताला कोरडा लागला... सकाळी आईचं बोट असंच कोरडं होतं, सुई टोचूनही रक्ताचा थेंब येईना, आणि आला तेव्हा यंत्रावर आकडा उमटला — दोनशे एकसष्ट.

“रात्री काय खाल्लंस?”

“पाव. माझाच.”

“आई, लहान मुलासारखं चोरून खातेस आणि वर खोटं बोलतेस?”

“अगं, तुझी शपथ! यांनी हातात दिले, मी खाल्ले.”

“बोट लावून बघितलं नाहीस?”

“नवऱ्याने दिलेल्याला काय बोट लावून बघायचं?” आई हसली होती. तिला हसू आलं नव्हतं. ती म्हणाली होती, आता अख्खा पाय घालवायचाय का तुला... आणि बाबा मोरीपाशी पाठमोरे, ट्रे घासत होते, घासून झालेला ट्रे पुन्हा घासत होते, आणि तिला वाटलं होतं, बिचारे, आमचं भांडण ऐकवत नसेल त्यांना.

चुऱ्यात पाणी, मग आम्ल, मग उकळी. हात आपलं काम करत होते. शाळेतल्या खाऊत शंभर ग्रॅममागे साखर दहा ग्रॅमच्या आत हवी, नाहीतर कँटीनचा परवाना जातो — हा नियम आला तेव्हा तिला किती आनंद झाला होता. नियमाआधीच्या तपासणीचा तक्ता तिने पाहिला होता. रक्त दहा-बारा वर्षांच्या मुलांचं आणि साखरेचे आकडे आईच्या वयाचे. तिने घरी येऊन सगळं समजावून सांगितलं, कागदावर आकृती काढून. बाबा म्हणाले होते, “साखर काढली तर पोरं त्या पावाने फुटबॉल खेळतील गं.” आणि मग, आकृती घडी करून खिशात ठेवत, “बरं. करतो तुझ्या आकड्याप्रमाणे.”

आणि काल रात्री, जेवताना, ताटातून नजर न उचलता — “नमुने तुझ्याकडेच येतात का?”

“नाव नसतं बाबा, नुसता नंबर.”

“मग बरं.”

मग बरं... खळ्या त्यांना दिसल्याच नसतील. इतक्या वर्षांत अंगठा आपोआप दाबत असेल आणि डोळे बघायचे थांबले असतील. की दिसल्या होत्या, आणि तरी...

नमुना ओळखीचा निघाला तर सांगायचं, तो दुसऱ्या टेबलावर जातो. “ताई” एवढं एकदा म्हटलं की झालं. मग त्या विचारणार, ओळखलास कशावरून? आणि त्याच्या उत्तरात सगळंच येणार — कँटीन, आई, काल तिच्या हातात ठेवलेले एका खळीचे दोन पाव. नाही सांगितलं तर उद्या मधल्या सुट्टीत मुलं त्याच गोड खळीवाल्यासाठी रांग लावतील, आणि परवा...

“ताई,” ती म्हणाली.

“हं?”

“...जरा बर्नर बारीक करता तिकडचा?”

निळं द्रावण उकळू लागलं. वरच्या नळीतून पावाचा अर्क त्यात थेंब थेंब पडत होता. साखर असली की निळा झटकन जातो आणि विटकरी रंग उरतो; नसली की नळी रिकामी होत जाते आणि निळा तसाच. तिच्या ध्यानात आलं की ती श्वास धरून उभी आहे आणि मनात म्हणतेय, जा... जा ना. आपल्या बापाचा नमुना नापास व्हावा, आईच्या पावातही त्याने साखर घातलेली असावी, म्हणजे खळ्यांना काही अर्थच उरणार नाही आणि आकडाच काय ते बोलेल — असं मागताना तिला स्वतःची भीती वाटली, आणि तरी ती मागत राहिली.

नळी अर्धी झाली. निळा होता. आणखी खाली. निळा होता. मग फार उशिरा तो गेला.

तिने नळीशी डोळा आणून वाचन घेतलं. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं.

शंभर ग्रॅममागे साखर : एक पूर्णांक आठ ग्रॅम.