बेअरिंगचं तापमान

पंपांना लागणाऱ्या विजेच्या मोटारींच्या कारखान्यात दादा चाचण्या घ्यायचा आणि त्याची धाकटी बहीण त्या चाचण्यांचे प्रोग्रॅम बांधायची. हो, बांधायचीच. पडद्यावर चौकोन मांडायचे, तारांनी जोडायचे, झाला प्रोग्रॅम. प्रत्येक चाचणीचे आकडे आपोआप फाइलमध्ये साठत.

एका गिऱ्हाइकाची मोटार जळाली. साहेबांनी जुन्या सगळ्या फाइली एका दमात वाचणारा प्रोग्रॅम मागितला. धाकटीने तो दुपारपर्यंत बांधला आणि चालवला. कितीतरी मोटारींचं बेअरिंग मर्यादेबाहेर तापलेलं, आणि तरी दादाने त्या पास केलेल्या.

"दादा, डोळे मिटून सह्या करत होतास का?" ती सगळ्यांदेखत ओरडली.

दादा सरळ नाकासमोर चालणारा. "नाही गं," म्हणाला, मग पडद्यावरचे आकडे एकेक करून वाचू लागला.

चिडचिड करतच ती पुन्हा आकडे बघायला बसली. जुन्या प्रत्येक फाइलीत मोटारीच्या आतली तांब्याची तार थंड आणि बेअरिंग गरम. एरवी तारच जास्त तापते. असं एखाद्या मोटारीत होईल, सगळ्यांत कसं होईल? अलीकडच्या फाइली मात्र ठीक होत्या. मग तिला आठवलं. पडदा नीटनेटका दिसावा म्हणून तिनेच मध्यंतरी रकाने अकारविल्हे लावले होते. फाइलीत नावं नसतात, नुसते आकडे, एकामागून एक. पूर्वी बेअरिंग आधी होतं, आता तार आधी, आणि आजचा प्रोग्रॅम जुन्या फाइलीही आताच्याच क्रमाने वाचत होता. दोन्ही तापमानंच, त्यामुळे प्रोग्रॅमने कुरकुर न करता याचा आकडा त्याच्या नावावर घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तिने जुना क्रम लावून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. सगळ्या मोटारी मर्यादेत होत्या, जळालेलीसुद्धा.

ती धावतच साहेबांच्या खोलीत गेली. दादा आधीच तिथे उभा होता. "चूक माझी आहे, साहेब. रकाने मी हलवले," तिने एका श्वासात सांगून टाकलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, पण हे तर आत्ताच चूक कबूल करून नोकरी सोडायला निघाले होते!"

"दादा! तू केलंच नव्हतंस, मग कबूल का केलंस?"

"मला आठवत होतं, आकडे बरोबर होते म्हणून," दादा खाली बघत म्हणाला. "पण प्रोग्रॅम तुझा होता ना. म्हटलं, माझंच डोकं चालेनासं झालं असेल."