निजलेलं रान

डोळे मिटून एक घर बघा पाहू. मधोमध एक खांब, त्यावर ताणलेला जाड लोकरीचा तंबू, खाली सतरंजी. महिन्या-दीड महिन्यानं हे सगळं घर गुंडाळून खेचराच्या पाठीवर चढतं. दप्तरही चढतं. आता तंबूच्या उन्हाकडच्या बाजूला सोलरची काळी पाटी टेकवा. तिची वायर आत येते आणि पिठाच्या डब्यावर ठेवलेल्या फोनला जोडलेली असते. झालं का? मग त्या फोनपुढे भिंगरीला बसवा. वय वर्षं नऊ. एका जागी बसणं तिला कधी जमलं नाही, म्हणून नाव भिंगरी.

पण सोमवारी ती बसायची. चराई कार्यालयातल्या नकाशावाल्या ताईनं तिला काम दिलं होतं. प्रत्येक कळपातल्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यात एक पट्टा होता. तो थेट उपग्रहाशी बोलायचा, त्यामुळे कुठला कळप कुठे आहे ते फोनवर ठिपक्यांत दिसायचं. दर सोमवारी फोन एकेका रानाबद्दल विचारायचा : ‘रान मोकळं आहे का?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही. भिंगरीच्या आत्याला सगळी रानं पाठ होती, पण बारीक अक्षर दिसत नव्हतं. म्हणून आत्या सांगायची, भिंगरी दाबायची आणि ते उत्तर सगळ्या कळपवाल्यांच्या फोनवर दिसायचं.

त्या सोमवारी आत्या कोकराच्या पायातला काटा काढत होती. फोननं खिंडीपलीकडच्या रानाबद्दल विचारलं. भिंगरीनं नकाशा पाहिला. तिथे एकही ठिपका नव्हता. यात आत्याला काय विचारायचं? तिनं ‘हो’ दाबलं आणि पळाली.

बुधवारी सकाळी आत्यानं फोन डोळ्यांपासून लांब धरला.

“लंबूचा कळप खिंडीकडे का वळलाय गं?”

“मीच सांगितलं, मोकळं आहे म्हणून. तिथे कुणीच नव्हतं, आत्या.”

“कुणी नाही म्हणजे मोकळं होय? ते रान निजलंय.”

आता हा शब्द तुम्हालाही सांगायला हवा. या मेंढपाळांत दोन वर्षं चरलेलं रान तिसऱ्या वर्षी निजवतात. गवताला कणसं येतात, दाणा पिकतो, झडतो, मातीत जातो. तोवर तिथे मेंढरू सोडायचं नाही. दाणा झडण्याआधीच खाल्ला, तर पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय? आणि पुढच्या वर्षी त्याच रानावर चार कळप जगायचे होते.

शेजारच्या कळपाच्या लंबूकाकाचा फोन लागेना. तो घळईतून येत होता आणि तिथे टॉवर नव्हता. भिंगरीनं नकाशावाल्या ताईला फोन लावला. तिच्या मागे पंख्याची खरखर ऐकू येत होती.

“मी इथून ते रान नकाशावर लाल करते, म्हणजे बंद,” ताई म्हणाली, “पण त्याच्या फोनवर ते खिंडीत आल्याशिवाय दिसायचं नाही. आणि खिंडीत आला की समोर गवतच. अगं, मला वाटलं मोकळं म्हणजे रिकामं. तुला बटणंच दोन दिली मी.”

आत्यानं खेचरावर खोगीर टाकलं, भिंगरीला पुढे बसवलं, आणि दुपारच्या आत दोघी खिंडीत पोचल्या.

तिथे वाटेच्या मधोमध पूर्वी तीन दगड असायचे. खाली दोन, वर एक. म्हणजे रान निजलंय, परत फिरा. हिवाळ्यात ते ढासळले होते. आता फोन आहे की, म्हणून कुणी परत रचले नव्हते.

“मीही नाही रचले,” आत्या म्हणाली. “चल, लाव हात.”

दोन दगड बसले. तिसरा भिंगरीनं पोटाशी धरून उचलला, तोवर घंटा ऐकू आली. वळणावरून आधी लंबूकाकाचं डोकं दिसलं. मग बऱ्याच वेळानं बाकीचा लंबूकाका. मागे दोनशे मेंढ्या.

तो दगडांपुढे थांबला. “सोमवारी फोन म्हणाला जा, आता दगड म्हणतात थांब. मी ऐकू कुणाचं?”

“दगडांचं,” भिंगरी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “फोनला मी चुकीचं सांगितलं, काका.”

लंबूकाकानं खाली पलीकडच्या रानाकडे पाहिलं. गवत गुडघाभर होतं. “दोन दिवस चालतोय गं मी. पोटं बघ यांची. एक रात्र कळप बसवतो फक्त.”

आत्यानं वाटेच्या कडेचं एक कणीस तोडून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते अंगठ्यानं चोळलं. अंगठा पांढरा ओला झाला.

“दाण्यात दूधच आहे अजून, पिकायचाय,” तो पुटपुटला.

“आमच्या उतारावर चल,” आत्या म्हणाली. “आपल्या दोघांचे कळप चरले तर आठवडाभर आधी तळ उठवावा लागेल. उठवू.”

“तुझी भाकरी पण खाणार हां मी.”

“तू खाऊन लांबच होतोस. खा.”

त्यानं शीळ घातली. कळप कुरकुरत, एकमेकांवर चढत मागे वळला. भिंगरीनं तिसरा दगड वर बसवला.

संध्याकाळी नकाशावाल्या ताईचा फोन आला. “भिंगरी, तिसरं बटण करतेय. काय लिहू त्यावर?”

“निजलंय.”

“आणि चित्र?”

“तीन दगड. खाली दोन, वर एक.”

पुढच्या सोमवारी बटण आलं. फोननं सगळ्यात आधी खिंडीपलीकडचंच रान विचारलं. शेजारी लंबूकाका भाकरी खात होता. “दाब की,” तो म्हणाला, “आता तर तुझंच बटण आहे.”

भिंगरीनं दाबलं नाही. वायर काढली, फोन खिशात घातला आणि आत्याला म्हणाली, “खेचर सोडतेस?” खिंडीत जाऊन तिनं दगडांपाशी बसून एक कणीस अंगठ्यानं चोळलं. दूध होतं. दुसरं चोळलं, त्यातही दूध होतं. मग तिनं अंगठा फ्रॉकला पुसला आणि तिसरं बटण दाबलं.