पाणी तापवायची चूल

मागच्या उन्हाळ्यात सरकारी लोक घरं मोजायला आले तेव्हा आमच्या दारावर गेरूनं एकसष्ट आकडा काढून गेले. दिवाळीत मी दार रंगवलं, पण तेवढा आकडा सोडून रंगवलं. प्रतीक्षा म्हणाली होती, आई, तो पुसायचा नाही, माणसं मोजायला परत येतील. ते मोजणारं माणूस माझीच धाकटी सून निघेल हे तेव्हा तिला तरी कुठं ठाऊक होतं.

प्रतीक्षा मोर्शीकडची. आमच्या हिवरखेडच्या शाळेत मास्तरीण. फेब्रुवारी लागला आणि शिरगणतीचं काम मास्तरलोकांच्या गळ्यात पडलं. तिला आमचा माळीपुरा आला आणि त्याला लागून असलेली मुसलमानांची गल्ली. एकपासून एकशे अठरापर्यंत घरं. सकाळी सात ते दहा घरं, मग शाळा, शाळा सुटली की दिवे लागेपर्यंत परत घरं.

पहिल्या दिवसापासून मी तिच्याबरोबर निघाले. लोकांना सांगितलं, पोरीला गाव माहीत नाही, कुत्रे अंगावर येतात, बाया नवं तोंड पाहून बोलत नाहीत. ते खोटं नव्हतं. पण मी निघाले ते दुसऱ्याच कारणानं. तिच्या पुस्तकात पहिलाच नियम लिहिलेला होता, जे एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. छत एक असो, आडनाव एक असो, त्याचं काही नाही. चूल पाहायची. आणि माझ्या घरात दिवाळीपासून दोन चुली पेटत होत्या.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. उलटच सांगत आले होते. या सात-आठ वर्षांत कापसानं लोकांना असं रडवलं की सख्खे भाऊ वेगळे निघाले, आंगणात भिंती पडल्या. मी मात्र गल्लीत मान वर करून फिरले. उत्तमरावच्या घरी, म्हणजे आमच्या घरी, दोन पोरं, दोन सुना, तीन नातवंडं, आणि चूल एक. मालक शांत माणूस, त्यांचं त्यात काही नाही. घर मी बांधून ठेवलं होतं. ते फुटलं तेही माझ्याच तोंडानं.

झालं असं, दिवाळीत प्रतीक्षाचे माहेरचे जेवायला आले. थोरली सून दुर्गा भाकरी वाढत होती. मी पाहुण्यांसमोर म्हणाले, "आमच्या दुर्गाची भाकर भित्तीवर थापली तर गोवरी म्हणून खपून जाईन." पाहुणे हसले. दुर्गाही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या खोलीत तीन विटा मांडल्या आणि नवरा-पोरांचा स्वयंपाक तिकडं केला. थोरला शेषराव माझ्याशी बोलत होता, आमच्या फुला-भाजीच्या वाडीत कामाला येत होता, पण जेवायला पुढं येत नव्हता. बावीस वर्षांत त्या पोरीनं मला उलटं उत्तर दिलं नाही. तेव्हाही दिलं नाही. विटा मांडल्या.

गल्लीतल्या बायांनी मागचा धूर पाहून विचारलं, तर मी सांगितलं, पाणी तापवायची चूल आहे ती.

तर आकडे पुढं सरकत चालले आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. वाडीत झेंडू तोडायला बसले तर कळ्याच तोडून ठेवल्या. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधल्या त्या एक मुठीएवढी, एक बोटाएवढी. मालक म्हणाले, "तुले काय होऊन राहिलं?" मी म्हणाले, "मले काय होते? तुमी तुमचं पाणी धरा."

चव्वेचाळीस नंबरला पार्बताबाई. ओसरीवर बसून तूर पाखडत होती. प्रतीक्षानं विचारलं, "काकू, चूल एकच ना?"

"दोन लिव्ह, बाई."

मी आत डोकावले. चूल एक, परात एक, पोरं सगळी एका ताटाभोवती. "पार्बते, दुसरी चूल कुठी हाय? खिशात?"

"सत्यवतीबाई, मागं मदत वाटली तवा एक घर म्हणून एकाच पोराले भेटली. दुसरा आजवर मह्या नावानं बोटं मोडते. आता दोन लिव्हून ठेवलं तर तुमचं काय जाते?"

"ही मदतीची यादी नोहे. हे निस्ती मोजणी हाय."

"मोजल्यावर वाटतीन ना कवातरी."

"खोटं काहून लिव्हाचं पण? जे हाय ते लिव्ह, प्रतीक्षा. एक." मी असं ठसक्यात बोलले की पार्बताबाई सूप खाली ठेवून माझ्याकडं पाहतच राहिली. प्रतीक्षानं एक लिहिलं. बाहेर येऊन ती पुढच्या दाराकडं वळली.

बावन्न नंबरला नत्थुजीच्या दाराला कुलूप. बायको-पोरं घेऊन सुरतेला गेला होता. नियमानं तीनदा जाऊन पाहायचं. आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा प्रतीक्षा कुलूप हलवून पाहत होती, तेव्हा मी म्हणाले, "प्रतीक्षा, आता उलटीकडून घेऊ. एकशे अठरापासून."

"काहून?"

"तिकडचे लोक सकाळीच मजुरीले निघून जातात."

"आई," ती म्हणाली, "उलटीकडून घेतलं तरी एकसष्ट येतेच."

चार पावलं चालल्यावर मी म्हणाले, "मागची चूल पाण्याची हाय. असं लिव्हलं तर कोण पाहाले येते?"

"खाली सही माही आहे. आणि तुमी पार्बताकाकूले काय म्हटलं?"

या शिकलेल्या सुना. आपलं बोलणं आपल्यालाच परत वाढतात.

मग एक रस्ता उरला होता, दुर्गाला पुढं बोलावून घ्यायचं. चूल विझवली की कुटुंब एक. त्या दोन दिवसांत मी तीनदा मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. मनात म्हणत जायची, दुर्गे, चाल माय, झालं गेलं. दारात गेल्यावर तोंडातून निघालं, "धूर काहून करून राहिली एवढा?" दुसऱ्यांदा निघालं, "वांगे किती महाग झाले, माहीत हाय ना?" तिसऱ्यांदा तर मी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि काही काम असल्यासारखी परत आले. दुर्गा तव्यापुढून मान वर करून पाहायची, आणि परत पीठ मळायची.

शनिवारी संध्याकाळी अठ्ठावन्न नंबर. ते घर कुलसुमबीचं. आमच्या मागच्या भिंतीला तिची भिंत लागून आहे. तिचा नवरा अब्दुल गफ्फार गाद्या-रजया भरतो. अंगावर कापूस घेऊनच तो बाहेर आला आणि प्रतीक्षाला खुर्ची देऊन परत आत गेला. घरचं सांगणं कुलसुमबीचंच.

"दो चूल्हे लिखो बेटा," तिनं स्वतःच सांगून टाकलं. "अजहर का अलग, हमारा अलग. सून से मेरी जमी नई. अब अलग पकाती, तो दोपहर को मेरे पास आके बैठती बी है."

कुलसुमबी हे असं सांगत होती, जसं कोणी शेळ्या किती आहेत ते सांगावं. मी म्हणाले, "तुले सांगाले काई वाटत नाई का, कुलसुमबी?"

"कायको वाटेगा? ईद को देगची एकच चढती." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे हसत होते तिचे. "सत्यवतीबाई, एक बात पूछू? तुमच्या त्या पाणी तापवाच्या चुलीतून रोज लसणाची फोडणी कशी येते वो?"

प्रतीक्षा कागदात डोकं घालून बसली. मी पदर खोचला आणि उठले. म्हणजे भिंतीपलीकडं ठाऊक होतं. म्हणजे गल्लीला ठाऊक होतं. चार महिने मी सांगत होते आणि बाया हो हो म्हणून ऐकत होत्या.

रविवारी सकाळी प्रतीक्षानं चहा घेतला, गळ्यात ओळखपत्र घातलं आणि घराबाहेर गेली. साठ नंबर आटोपून ती आमच्या दाराशी आली आणि तिनं कडी वाजवली. स्वतःच्या घराची. मी म्हणाले, "घरात ये की, नाटक काहून करते?"

"सगळ्यांची वाजवली, आई."

ओसरीवर बसून तिनं विचारायला सुरुवात केली. कुटुंबप्रमुख उत्तमराव. बायको सत्यवती, वय सहासष्ट, शिक्षण दुसरी. "तिसरीत अर्धं वर्ष बसलो होतो मी," मी म्हणाले. तिनं दुसरीच लिहिलं. योगेश, माझा धाकटा. मग स्वतःचं नाव. मग त्यांचा पोरगा. लेखणी थांबली.

"आता चूल पाहा लागते," ती म्हणाली आणि मागं निघाली. मी तिच्या मागं. भिंतीपलीकडं कुलसुमबी कपडे वाळू घालत होती. एकच ओढणी ती तीनदा झटकत होती.

दुर्गा चुलीपुढं बसली होती. तव्यावर भाकर, बाजूला सांभार चिरून ठेवलेला, भगुण्यात हिरव्या हरभऱ्याची भाजी. तिची दोन्ही पोरं ताटं घेऊन बसलेली. यात पाणी तापवायचं काहीच नव्हतं. हंडासुद्धा नव्हता.

प्रतीक्षानं हलकेच विचारलं, "वहिनी, ही चूल वेगळी का?"

दुर्गानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता चार महिन्यांचं काय ते सगळं काढील. काढलं असतं तर मीही तयार होते. सकाळपासून तोंडात चार वाक्यं धरून उभी होते.

"नाई," दुर्गा म्हणाली. "पाणी तापवाची चूल हाय. आमी पुढंच जेवतो."

भाकर तव्यावर, पोरांच्या ताटात भाजी, आणि हातात पीठ. आवाजात जरासुद्धा वाकडं नव्हतं. माझं खोटं तिनं माझ्यासाठी उचलून धरलं, कुलसुमबीच्या कानावर जाईल असं. प्रतीक्षानं माझ्याकडं पाहिलं. लेखणी कागदाला लागली होती. एक शब्द न बोलता मी उभी राहिले असते तर घर एक झालं असतं.

पण मला ते सोसेना. त्या पोरीला मी गोवरी म्हणाले होते, आणि आता जन्मभर तिच्या उपकारात राहायचं?

"खोटी बोलते ते," मी म्हणाले. भिंतीपलीकडची ओढणी थांबली, म्हणून आणखी मोठ्यानं म्हणाले. "चार महिन्यांपासून वेगळी रांधते. मह्या बोलण्यानं वेगळी झाली. दोन लिव्ह."

प्रतीक्षा तशीच थांबलेली. "लिव्हू?"

"मराठीतच सांगतलं ना तुले?"

तिनं नवा कागद काढला. कुटुंबप्रमुख शेषराव. मी ते अक्षर अक्षर लिहिताना पाहिलं. बायको दुर्गा. पोरांची वयं मीच सांगितली. दुर्गा तव्याकडं पाहत होती आणि भाकर जळत होती.

"दुर्गे, उलटव ते. वास सुटला."

तिनं भाकर उलटवली. एका बाजूनं काळी झाली होती. ती बाजूला ठेवून दुसरी थापायला गेली, तर मी खाली बसले. गुडघे कुरकुरले. पोराच्या पुढचं ताट ओढून घेतलं आणि ती जळकी भाकर त्यात घेतली.

"आत्याबाई, ते राहू द्या. नवी टाकून देतो."

"काहून? मी पाहुणी हाव का?"

भाजीत तिखट जरा जास्त होतं. भाकर जाडच होती, ते मी आजही म्हणेन. अर्धी खाऊन झाल्यावर मी म्हणाले, "रोज मी इकडं येणार नाई. चटणीचा पाटा पुढं हाय तो इकडं आणून घे. मले तसंही वाटणं होत नाई आता."

"घेतो," दुर्गा म्हणाली. आणि मग, तव्याकडंच पाहत, "भाकर खपून जाईन ना आत्याबाई?"

पोरं माझ्या तोंडाकडं पाहायला लागली. प्रतीक्षानं कागद पिशवीत घालायला उगाच वेळ लावला.

"आणखी अर्धी दे," मी म्हणाले.

ती खाऊन मी हात धुतले आणि चपला शोधल्या. प्रतीक्षा म्हणाली, "आता कुठी चालल्या? आपलं घर झालं ना."

"आधी चव्वेचाळीसले जाऊ," मी म्हणाले. "पार्बताले फार बोललो मी. चूल तिची एकच राहीन, पण बोलणं वापस घ्याचं हाय. मग बासष्ट."