माइकची पूजा

बंडूजींचा माइकवर जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांवर नव्हता. माणूस का बिघडला ते कळत नाही. माइकचं तसं नसतं. तार तुटते, प्लग सैल होतो, फ्यूज जातो. शोधलं की सापडतं. वडनेरातली लग्नं, भजनं, निवडणुका, सगळ्यांचा आवाज त्यांच्याच दुकानातून निघायचा. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. आवाज गेला तो त्यांच्याच घरातला.

त्यांची बायको प्रमिलाबाई गावच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. टिनाच्या छताखालचा लांबलचक वर्ग, दाटीवाटीनं बसलेली पोरं, बाजूच्या रस्त्यावर ट्रकची घरघर. वर्षानुवर्षं त्यावर ओरडून त्यांच्या घशात गाठी झाल्या. वर्ध्याच्या डॉक्टरांनी बजावलं, आता ताण दिला तर उरलाय तोही आवाज जाईल. हेडमास्तर पुंडलिकराव भला माणूस, म्हणाले, "बाई, ऑफिसात बसा, टपाल पाहा." बाई घरी आल्या आणि भाकरी न खाता भिंतीकडे तोंड करून निजल्या.

"टपाल काय पाहू जी मी?" त्या कुजबुजल्या. "पोरांसमोर उभी नाई राह्यली तं मी कोण?"

बंडूजींना हे बोलणं सहन झालं नाही. त्यांनी नागपूरहून नवा माइक आणला, मंगळसूत्राच्या डबीत मावेल एवढा, क्रिस्टलचा. असल्या माइकला कुजबुजही ऐकू येते, असं दुकानदार म्हणाला होता. आवाज वाढवायचं जुनं मशीन दुरुस्त करून वर्गात बसवलं, मागच्या भिंतीवर स्पीकरचा बॉक्स टांगला. बाईंनी हळूच म्हटलं, "वर्धा, वणा, पोथरा..." आणि शेवटच्या रांगेतली पोरं नद्यांची नावं घेऊ लागली. बाई तिथंच रडल्या. बंडूजी स्क्रू आवळत बसले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

माइक कसा सांभाळायचा, तेही त्यांनी शिकवलं. "उन्हात ठेवू नको. आपटू नको. आन लोकं कसे फू-फू करते, तशी फुंक मारू नको." बाई माइक रोज रुमालात गुंडाळून घरी आणायच्या. तान्ह्या पोरालाही कोणी एवढं जपत नसेल.

पण संस्थेच्या मंडळींना हे थेर वाटलं. माइकवरून कुठं शाळा होते? शेवटी ठरलं, तपासणीला साहेब येतील, ते पाहतील. त्यांना पटलं तर बाईंचा वर्ग राहील, नाही तर टपाल. साहेबांनी दिवस कळवला तो नेमका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

दसऱ्याला बंडूजींच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. पकड, पेचकस, तारांना डाग द्यायचा कैया, सगळं पाटावर. त्या वर्षी ते जाम गावच्या देवी मंडळाकडे माइक लावायला गेले होते. निघताना म्हणाले, "मी उद्या सकाळीच येतो. तू पूजा करून ठेवजो. एकही हत्यार सुटू देऊ नको." त्यांचे बाकीचे माइकही देवीच्या मिरवणुकीसाठी जामलाच राहिले.

सकाळी ते थेट शाळेत पोचले. साहेब खुर्चीवर, पुंडलिकराव घाम पुसत उभे. इस्त्रीचं लुगडं नेसलेल्या बाईंनी माइक तोंडाशी धरला आणि बोलल्या. बॉक्समधून काहीच आलं नाही.

बंडूजी धावले. फ्यूज पाहिला, ठीक. प्लग काढून पुसला, पुन्हा लावला. बॉक्सची तार हलवली. मग माइकचा प्लग उपसून मशीनच्या तोंडाला बोट लावलं, तर भिंतीवरून भुं असा मोठा आवाज आला. मशीन जिवंत होतं. मेला होता तो माइक.

"आणखी किती वेळ?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बंडूजींची मान खाली गेली. मग बाई सरळ उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांनी जे करू नका म्हटलं होतं तेच त्यांनी केलं. "वर्धा," त्या ओरडल्या. "वणा." तिसऱ्या नदीला घशातून नुसती हवा आली. मागून एक पोरगी बिचारी म्हणाली, "बाई, ऐकू नाई येत." साहेब उठले.

दुपारी दुकानात बंडूजींनी माइक उघडला. जाळीच्या आत कुंकवाचा चिखल होता. आवाज पकडणारी क्रिस्टलची पातळ चकती पाण्यात पडलेल्या मिठाच्या खड्यासारखी फुगून विरघळून गेली होती. ऊन सांगितलं, आपटणं सांगितलं, फुंक सांगितली. पाण्याचं सांगितलं नाही. माइकवर पाणी कोण घालतं?

घरी बाई चुलीपाशी बसल्या होत्या. आवाज उरलाच नव्हता. बंडूजींना ओठांशी कान न्यावा लागला.

"सगळ्यात आधी त्याचीच पूजा केली मी," त्या म्हणत होत्या. "बाकीच्याईले फुलानं शिंपडलं. त्याले तं पळीभर पाणी घातलं. तरी देवानं काऊन असं केलं जी?"

बंडूजींच्या खिशात उघडलेला माइक होता.

"माह्यंच चुकलं," ते म्हणाले. "जोडणी कच्ची राह्यली."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत जे होतं ते बंडूजींनी निमूट घेतलं. नागपूरहून दुसरा माइक आणला असता, पण त्याला ऐकवायला घशात काही उरलं नव्हतं. बाई टपालावर बसल्या. वर्गातला बॉक्स बंडूजींनीच उतरवला. आवाज परत आला नाही. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. नवऱ्याच्या हाताला गुण नाही हे बाईंनी मनात पक्कं केलं होतं, आणि त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. बोलणार तरी कशा?

पुढच्या दसऱ्याला बंडूजी घरीच होते. बाईंनी पाट मांडला, हत्यारं ओळीनं ठेवली. मग कोनाड्यातून तो मेलेला माइक काढून मध्यभागी ठेवला आणि नवऱ्याकडे पाहून खुणेनं विचारलं, ह्याचीही करू?

बंडूजींनी तांब्या त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"कर," ते म्हणाले. "पाणी घाल."

बाईंनी पळी भरली.