चार बोटं पाणी

कापड रंगवायच्या कारखान्यात विहिरीची किल्ली माझ्याकडे होती. उपसा फक्त संध्याकाळी, सहा ते आठ. टाक्या भरल्या की लोखंडी झाकण, वर कुलूप. रात्रभर झरे चालायचे आणि सकाळी विहीर पुन्हा पातळीवर यायची. दिवसा थेंबभर काढायचा नाही, मालकानंसुद्धा.

त्या उन्हाळ्यात मालकानं मोजणी सुरू करायला लावली. गाठी मारलेली दोरी मी सकाळी सातला सोडायचो आणि उपशाआधी पुन्हा एकदा. पहिल्याच संध्याकाळी मी दोरी दोनदा सोडून पाहिली. कुलूप जसंच्या तसं, आणि पाणी चार बोटं खाली. आमच्या विहिरीत चार बोटं म्हणजे तीस हंडे.

विहिरीला लागून भिंत, भिंतीपलीकडे माझ्या वहिनीची लाँड्री. भाऊ गेल्यापासून एकटी चालवत होती. जुन्या मालकाच्या शब्दावर तिला रोज संध्याकाळी भिंतीतल्या छोट्या दारातून वीस हंडे मिळायचे. ते बंद झाले तर लाँड्री बंद.

मी दिवसांवर नजर ठेवली. ढगाळ दिवशी पाणी जेमतेम उतरायचं, कडक उन्हात पुरतं चार बोटं. आणि ढगाळ दिवशी वहिनी कपडे भिजवायची नाही. आणखी काय पुरावा हवा? कुठेतरी भिंतीतून चोरनळी असणार. मी छोट्या दाराच्या फटीला डोळा लावला.

"भाऊजी, काय बघताय? चादरी आहेत, नाटक नाही."

"एवढ्या चादरींना पाणी कुठून पुरतं?"

"तुमच्याच हातचे वीस हंडे. कधी एकोणीसच देता, ते मात्र मोजत नाही तुम्ही!"

ती हसली. इतकं हसणारं माणूस काहीतरी लपवतं, असं मला वाटलं.

दुपारी रंगारी जेवायला बसले होते. मालक आले. "काका, चोर सापडला का?"

पाच माणसांसमोर मी म्हणालो, "पलीकडची. माझीच वहिनी."

त्याच संध्याकाळी छोट्या दारावर फळ्या ठोकल्या.

लाँड्री बंद पडली. पलीकडच्या दोऱ्या रिकाम्या. ऊन मात्र रणरणतं होतं, आणि पाणी रोज चार बोटं उतरतच होतं. पाचव्या दिवशी मी पहार घेतली. नळी सापडेल म्हणून भिंतीच्या पायाशी खणलं, तर केसांसारखी बारीक, ओली मुळं निघाली. दगडांच्या सांध्यांतून थेट विहिरीकडे गेलेली. वहिनीच्या अंगणातल्या तीन वाळुंजाच्या झाडांची.

तरी मी मुळांमागे नळी चाचपली. संशय असा लगेच सुटत नाही.

वहिनी कोरड्या टपाशेजारी बसली होती. मी विचारलं, "ही झाडं आमच्या विहिरीचं पाणी पितात?"

"झाडं पाणी नाही तर काय चहा पिणार?"

"पण एवढं? जातं कुठे ते?"

"झाडांच्या बाजूला मी दोरी का बांधत नाही, कधी विचारलंत? तिथे चादर लवकर वाळत नाही. हवाच ओली असते. ऊन तापलं की पानं पाणी ओढतात आणि हवेत सोडतात. ढग आला की मंदावतात. मला वाटलं, विहीरवाल्याला एवढं ठाऊक असेल."

मला पटेना. तिनं इस्त्रीच्या कपड्यांची प्लास्टिकची पिशवी आणली, पानांनी भरलेल्या फांदीवर चढवली आणि तोंड सुतळीनं आवळलं. "आता बसा इथेच. नाहीतर म्हणाल, मीच आत थुंकले."

मी बसलो. तासाभरात पिशवी आतून धुरकटली. तीन वाजता कोपऱ्यात दोन चमचे पाणी होतं.

पिशवी घेऊन मालकांकडे गेलो. त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दीर-भावजयीनं मिळून घातलं नसेल कशावरून?"

संशयानं पाहणं कसं लागतं, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी स्वतः पिशवी बांधली, गाठीवर लाख ओतली आणि खुर्ची टाकून बसले. दुपारी गाठ तशीच होती, पिशवीत पाणी होतं. ते फांदीवरची पानं मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

"मग तोडूनच टाकतो ही झाडं."

"तोडा," म्हातारा रंगारी म्हणाला. "आपलं ओलं कापड दुपारी भिंतीवरून इकडे येणाऱ्या त्यांच्याच गारव्याला टांगतो आपण. उघड्या उन्हात वाळवलं की रंगाचे चट्टे पडतील, तेव्हा मला बोलू नका."

मालकांनी खुर्ची उचलली. मग म्हणाले, "फळ्या काढा."

मी तो निरोप घेऊन वहिनीकडे गेलो. वहिनी उठली नाही. "चोर म्हणालात तेव्हा किती माणसं होती?"

"पाच. आणि मालक."

"आणि आता सांगायला मी एकटी?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला मी रंगाऱ्यांसमोर उभा राहिलो. मालकही होते. मुळं, पिशवी, सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "म्हणजे काका, चोर झाड?" सगळे हसले. मी म्हणालो, "चोर कोणीच नव्हतं. खोटा मी होतो."

संध्याकाळी वहिनी हंडे घेऊन आली. हंडा खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"दोरी द्या. आजपासून मीही मोजणार."

मी दिली. तिनं दोनदा मोजलं.