मी चढावर का घसरत होते

मित्रांनो, रीडिंगजवळच्या अर्लीत एका विटांच्या घरापुढे जरा पोचे पडलेली निळी गाडी उभी दिसते ना, तीच मी. पोचे मोजू नका, वाईट वाटतं मला. माझं वय झालंय, पण स्वभाव अजून तसाच आहे, चौकस. कोण कुठे निघालंय, मागच्या सीटवर कोण का रुसलंय, डिकीतल्या डब्यात काय आहे, हे सगळं मला कळायला हवं असतं. फक्त माझ्या स्वतःच्या आत काय चाललंय, ते मात्र मला कधी कळलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म मिडलंड्समधल्या एका कारखान्यात झाला. माझी पहिली मालकीण शाळेत पियानो शिकवायची. ती मला हळू चालवायची, रविवारी पुसायची आणि हिवाळ्यात माझ्या काचेवर जुनी चादर टाकायची. ‘गुणाची गं माझी,’ असं ती माझ्या बॉनेटवर थोपटत इंग्रजीत म्हणायची. पुढे तिला नीट दिसेना झालं आणि मी सेकंडहँड गाड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिथे माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात.

२००५च्या हिवाळ्यात अनुप आणि वैभवी आले. दोघंही पुण्याची. अनुप ट्रेनने लंडनच्या ऑफिसात जायचा. वैभवी ब्रॅकनेलला टेस्टर होती, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हेच तिचं काम. घरी आणल्याबरोबर तिने मला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला. शेजारीण खिडकीतून बघतच राहिली. इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी अगदी भरून पावले.

अनुप मला छान चालवायचा, खोटं कशाला बोलू? पण त्याला एक जुनी सवय होती. चढावर थांबला की तो हँडब्रेकला हातच लावायचा नाही. क्लच अर्धा दाबून आणि दुसरा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून तो मला तशीच तोलून धरायचा. घरी आला की पहिला गिअर टाकून किल्ली काढायचा. हँडब्रेकची दांडी बिचारी दोन सीटांच्या मध्ये नुसती पडून असायची. मी म्हटलं, असेल यांच्याकडची पद्धत.

वैभवी मात्र गाडी इथेच शिकली. आधी इन्स्ट्रक्टरच्या गाडीत, मग सरावाला माझ्यात. परीक्षाही माझ्यातूनच द्यायची, असं तिने ठरवलं. चढावर थांबली की ती शिकवल्याप्रमाणे हँडब्रेक ओढायची. आमच्या अर्लीचे रस्ते सपाट, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चालायचं. पण परीक्षेत रीडिंगच्या पलीकडच्या टाइलहर्स्टचा चढ आला, सिग्नलला तिने दांडी ओढून ब्रेकवरचा पाय उचलला आणि मी मागे घसरले. परीक्षक ओरडला. वैभवी नापास झाली.

पुढच्या वेळीही तेच. तोच चढ, तसंच घसरणं.

“अगं, हँडब्रेकवर कशाला विसंबतेस?” अनुप म्हणाला. “हाफ क्लचवर धर. मी रोज चालवतो, मला कधी काही झालंय का?”

“मला जमतच नाही बहुतेक,” वैभवी म्हणाली. “अजून एकदा देते. या वेळी नापास झाले तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही.”

“मग गाडी तरी कशाला ठेवायची? विकून टाकू.”

तो सहज बोलला हो, पण माझं इंजिनच गार पडलं. अनुप घरात गेल्यावर वैभवी माझ्यात एकटीच बसून रडली. मला एवढं वाईट वाटत होतं! पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं या विचाराने वाटत होतंच, पण तिच्यासाठी जास्त. तिने तर सगळं शिकवल्यासारखं केलं होतं. मग मी का घसरत होते?

रडता रडता वैभवी एकदम थांबली. आपल्याशीच म्हणाली, “इन्स्ट्रक्टरच्या गाडीत मी कधीच घसरले नाही. माणूस तोच आहे. बदललीय ती गाडी.”

मित्रांनो, तिचे डोळे तेव्हा कसे चमकले म्हणून सांगू!

पुढच्या शनिवारी ती दोघं मला घेऊन कमलाकरकाकांकडे गेली. काका टाइलहर्स्टला राहतात, इथल्या महाराष्ट्र मंडळाचे जुने सभासद. त्यांच्या घरापुढची गाडी लावायची जागा चांगली उतरती आहे आणि शेडमध्ये जॅकपासून हातोडीपर्यंत सगळं आहे.

“अगं वैभवी, मी सांगतो, क्लच गेलाय,” काकांनी मला न बघताच निदान केलं. “बहात्तर सालापासून या देशात गाडी चालवतोय मी.”

“काका, आधी बघूया ना,” वैभवी म्हणाली. मग ती अनुपकडे वळली. “तू बस आत. हँडब्रेक तू ओढ.”

“माझ्या हातून घसरणार नाही हं,” म्हणत अनुप आत बसला. एवढ्या महिन्यांत त्याने ती दांडी पहिल्यांदाच हातात धरली. चांगली खसकन ओढली. पाय उचलला. आणि मी निघाले मागे, थेट काकांच्या कचऱ्याच्या हिरव्या बिनवर! तो आडवा झाला, गवत रस्त्यावर सांडलं.

“अरे माझा बिन!” काका ओरडले.

अनुप उतरून बिन उचलायला धावला. वैभवी हसली नाही की ‘बघ’ म्हणाली नाही. ती लगेच बाह्या वर सारून कामाला लागली, कारण आता तिला कारण हवं होतं. मलाही हवं होतं.

सपाट जागी आणून त्यांनी माझ्या पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवली. अनुपने दांडी ओढली. वैभवीने मागची चाकं हाताने फिरवून पाहिली. उजवं चाक कुरकुरत का होईना, जेमतेम धरत होतं. डावं मात्र गरागरा फिरलं, जणू त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

“केबल सैल झालीय,” काका म्हणाले. “आवळून टाक, संपला विषय.”

“पण केबल दोन्हीकडे हलतेय काका, मी खालून पाहिली. एकच चाक ऐकत नाहीये, म्हणजे गडबड त्या चाकाच्या आत आहे. नुसती आवळली तर दुखणं झाकलं जाईल.”

लायब्ररीतून तिने माझ्या जातीच्या गाड्यांचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात बघून तिने चाक काढलं. आत लोखंडी डब्यासारखा ड्रम असतो. तो निघता निघेना. काकांनी रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोकला, तेव्हा कुठे सुटला. काका आतली धूळ उडवायला फुंकर मारणार तोच वैभवीने त्यांना थांबवलं. ती धूळ नाकात जाणं वाईट, म्हणून तिने ओल्या फडक्याने पुसून घेतली.

आणि मग आम्ही सगळ्यांनी आत वाकून पाहिलं. म्हणजे ते वाकले, मी कान टवकारले.

ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेक शू असतात. दांडी ओढली की ते पसरून ड्रमला आतून घट्ट धरतात. शू झिजत जातात, तसा त्यांच्यामधला एक छोटा स्क्रू आपोआप फिरतो आणि त्यांना ड्रमच्या जवळ ठेवतो. माझा तो स्क्रू गंजून घट्ट बसला होता. शेजारचा लहानसा दांडाही आखडला होता. शू ड्रमपर्यंत पोहोचतच नव्हते.

“डावीकडेच का पण?” अनुपने विचारलं. आता त्यालाही उत्सुकता लागली होती.

“आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो,” वैभवी म्हणाली. “कडेला साचलेल्या पाण्यातून डावं चाकच जातं. आणि हँडब्रेक वापरलाच नाही, तर आतलं सगळं हलणार कसं? तू तिला कायम क्लचवर धरलीस, म्हणून तुला कधी कळलं नाही.”

अनुपने मान खाली घातली. “आणि मी तुलाच दोष देत राहिलो,” तो म्हणाला. “सॉरी गं. खरंच.”

“नंतर सॉरी म्हण. आधी नवे शू घेऊन ये. दोन्ही बाजूंचे आण, एका बाजूचे बदलून चालत नाही.”

उजवं चाक तिने मुद्दाम बंदच ठेवलं होतं. डावीकडचं जोडताना गोंधळ झाला, तर उजवं उघडून बघता यावं म्हणून. आणि गोंधळ झालाच. एक स्प्रिंग सुटून काकांच्या गुलाबांत उडाली. तिघंही काट्यांत हात घालून ती शोधत बसले. काकांच्या हाताला ओरखडे आले, पण सापडली त्यांनाच, त्यामुळे ते भलतेच खूश झाले. मग स्क्रू साफ झाला, त्याला बेताने ग्रीस लागलं. आखडलेला दांडा मोकळा झाला, नवे शू बसले, मग उजवीकडेही बसले. सोमवारी गॅरेजमध्ये मशीनवर ब्रेक तपासून घेतले. दोन्ही चाकं सारखीच धरत होती. मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका.

बुधवारी परीक्षा झाली. तोच चढ, तोच लाल सिग्नल, आणि मागे अगदी खेटून उभी बस. वैभवीने दांडी ओढली. तिने पाय उचलला. मी सगळा जीव मागच्या दोन चाकांत गोळा केला आणि उभी राहिले. सिग्नल हिरवा झाला, आम्ही पुढे गेलो.

पास झाल्यावर ती घरी गेलीच नाही. अनुपला स्टेशनवरून घेतलं आणि सरळ काकांकडे. त्या उतारावर तिने मला उभं केलं, हँडब्रेक ओढला, गिअर काढला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरली.

“काका, तुमचा बिन ठेवा मागे,” ती म्हणाली. “अनुप, तू पुढे ये. ढकल.”

अनुपने कोट काढून काकांकडे दिला आणि माझ्या बॉनेटला दोन्ही हात लावून जोर केला. तोंड लाल झालं त्याचं, बूट घसरायला लागले. “नाही हलत गं!” तो ओरडला, आणि हे बोलताना मी त्याला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. वैभवी हसत होती आणि डोळे पुसत होती. हिरवा बिन माझ्या मागे तसाच उभा होता.

तर मित्रांनो, एवढंच सांगायचंय. आमची सगळी अंगं अधूनमधून वापरत जा, न वापरलेलं अंग गंजतं. आणि कुणी चढावर मागे घसरलं, तर त्याला जमत नाही असं लगेच म्हणू नका. आधी खाली बसा, चाक काढा आणि आत बघा.